भरती किती वाजता, बाई?

'दाखवा फोटो' : वाचकांच्या छायाचित्रांवर एका निवृत्त स्टुडिओवाल्याचं मत

प्रश्न : सर, मी ऐरोलीला राहते आणि शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी मुलाने कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. तो शिकायला पुण्याला गेला आणि कॅमेरा माझ्याकडे राहिला. गेल्या हिवाळ्यापासून मी ठाणे खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढते. पाच फोटो पाठवते आहे. पहिला आणि तिसरा काठावरून, दुसरा आणि चौथा बोटीतून. चौथ्यात थवा उडाला, कारण बोटीतल्या एका गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्यात मागे विजेचे मनोरे आणि इमारती आल्या होत्या, त्या मी कापून टाकल्या.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकले की 'अप्रतिम' आणि अंगठे येतात. चूक एकानेही दाखवली नाही. मी रोज तीस-चाळीस वह्या तपासते. लाल पेन चालल्याशिवाय कोणी सुधारत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही ते चालवा. आणि १५०-६००ची लेन्स घ्यायचं मनात आहे. लाखाच्या घरात जाते. घेऊ का?

उत्तर : बाई (तुम्ही शिक्षिका, म्हणून ताई न म्हणता बाईच म्हणतो), लेन्स घेऊ नका. निदान हा मोसम संपेपर्यंत तरी नको. का ते तिसऱ्या फोटोवरून सांगतो, कारण लेन्सचं खूळ तुमच्या डोक्यात त्याच फोटोने घातलं असणार.

त्यात शटर १/२००० आहे, म्हणजे ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतंच उघडलं, हात हलल्याचा प्रश्न नाही. फोकस थव्यावरच आहे. तरी एकाही पक्ष्याचे पाय सरळ दिसत नाहीत, सगळे चुलीवरच्या वाफेपलीकडे उभे असल्यासारखे. तुम्हाला वाटलं, लेन्स कमी पडली. मी फाइलमधली वेळ पाहिली : दुपारचे १२ वाजून ४० मिनिटं. चिखल तापलेला, त्यावरची हवा थरथरणारी, आणि तुमच्या नि पक्ष्यांच्या मध्ये ती हवा निदान अर्धा किलोमीटर पसरलेली. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर लांबची गाडी लवलवताना दिसते, तोच हा प्रकार. मोठी लेन्स पक्षी जवळ आणते तशी ही लवलवही जवळ आणते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (आतली फोटो टिपणारी चकती) लहान, त्यामुळे २५०ची लेन्स त्यावर ४००सारखं दाखवते आणि ६००ची ९६०सारखं. लाख रुपये मोजून तीच वाफ मोठी करून मिळेल, शिवाय दोनेक किलोचं ओझं मानेला.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. १९९८ साली मी एका मित्राची ४००ची लेन्स मागून घेतली आणि शिवडीच्या चिखलावर गेलो. स्टुडिओ दुपारी एक ते चार बंद असायचा, तेवढीच सवड. ३६चा अख्खा रोल काढला. रात्री निगेटिव्ह धुऊन दिव्यासमोर धरली, तर छत्तीसच्या छत्तीस फोटो मऊ भातासारखे. लेन्सला बुरशी आली आहे असं सांगून मी ती परत केली. मित्राने बिचाऱ्याने पदरचे पैसे घालून ती उघडून साफ करवून घेतली. आत काहीच नव्हतं. खरं कारण त्याला सांगायला मला पाच-सहा वर्षं लागली.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. फाइलमधली तारीख मी कालनिर्णयात पाहिली. त्या दिवशी नवमी होती. आमच्या ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातले एक म्हातारबुवा पासपोर्टचे फोटो काढायला यायचे. त्यांनी मला एक हिशेब शिकवला, किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांना तो येतो : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, उत्तर म्हणजे भरतीची वेळ. नवमीला नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसात. सकाळी पावणेसातला पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. किती वाजता झाली ओहोटी? बरोबर, पाऊणच्या सुमारास. फोटो किती वाजताचा? १२.४०.

म्हणजे बाई, पाणी जास्तीत जास्त लांब गेलेलं असताना तुम्ही काठावर जाऊन उभ्या राहिलात. पाणी लांब गेलं की पक्षीही त्याच्या मागोमाग लांब चरायला जातात. फोटोतलं तुमचं अंतर लेन्सचं नव्हतं, तिथीचं होतं.

भरतीचं पाणी चढायला लागलं की उलटं होतं. चिखलाची पट्टी आक्रसत येते आणि पक्षी काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीला चरायला चिखलच उरत नाही, मग त्यांतले बरेच उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत जाऊन एका पायावर उभे राहतात. म्हणून तुमच्या काठाला हवे आहेत भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दीड-दोन तास. ते सकाळच्या उन्हात पडायला हवेत, कारण ऐरोली खाडीच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि ऊन पक्ष्यांच्या अंगावर. संध्याकाळी तोच सूर्य मुलुंडच्या बाजूने तुमच्या डोळ्यांत येतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण मोठं खरं, पण ते सव्वाअकराला येतं, तोवर ऊन डोक्यावर. मग उरतात एकादशी (सव्वाआठ), द्वादशी (नऊ) आणि त्रयोदशी (पावणेदहा). शुद्ध पक्षातल्या तीन आणि वद्य पक्षातल्या तीन, महिन्याला सहा सकाळी. त्यांतली एखादी रविवारी आली तर उत्तमच. हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीत आत जावं तसं पाणी थोडं मागाहून चढतं, म्हणून छापील भरतीचं कोष्टक मिळालं तर तेही बघून ठेवा. पण आधी तोंडी काढा. तुम्हाला ते जमेल, आणि मुलांना अपूर्णांक शिकवायलाही कामाला येईल.

आता बाकीचे फोटो, लाल पेनाने.

दुसरा सगळ्यात चीड आणणारा आहे, कारण तो हातचा गेला आहे. दोन पक्षी, दोघांच्या माना पाण्यात, आणि दोन मानांच्या मधल्या जागेचा बदामासारखा आकार. हे तुम्हाला दिसलं आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं, ही गोष्ट शिकवून येत नाही. पण शटर १/१६०, तेही हलत्या बोटीतून, २५०वर. इतक्या लांब लेन्सला हातात धरून किमान १/४०० तरी लागतं, बोटीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती हळवा ते ठरवणारा आकडा, १०० कशाला धरून बसलात? 'आयएसओ १००च चांगला' असं कोणीतरी सांगितलेलं दिसतं. सांगणारा तिपाईवर देवळाचे फोटो काढत असेल. तुम्ही एफ ८वर होतात (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं भोक). ते ५.६ केलं की प्रकाश दुप्पट. आयएसओ १००चा ४०० केला की आणखी चौपट. एकूण आठपट, म्हणजे १/१६०चं १/१२५० झालं आणि पक्षी खिळला. आयएसओ ४००चे दाणे (फोटोतला खरखरीतपणा) तुमच्या कॅमेऱ्यावर शोधूनही सापडायचे नाहीत. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही.

पहिल्यात खाडीची डावी बाजू इतकी खाली गेली आहे की सगळं पाणी वाशीकडे सांडेल असं वाटतं. ते अर्ध्या मिनिटात सरळ करता येईल. रंगाचं मात्र ऐका. तुम्ही चुकून मूळ फाइलही सोबत पाठवली आहे, म्हणून चोरी पकडली गेली. मूळ फाइलमध्ये डावीकडचे चार पक्षी राखाडी आहेत. ती या जातीची लहान वयाची पोरं. रोहित पक्षी, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, जन्मतः गुलाबी नसतात, तो रंग शेवाळासारख्या खाण्यातून हळूहळू चढतो. तुम्ही रंगाचा काटा इतका पुढे सरकवलात की ती चारही पोरं एका झटक्यात वयात आली, चिखल जांभळा झाला आणि मागच्या बगळ्याने ओठ रंगवल्यासारखं दिसतं आहे. ग्रुपवरचे अंगठे याच रंगाला मिळाले असणार. मूळ फाइल जास्त चांगली आहे. तीत राखाडीतून गुलाबीपर्यंतच्या सगळ्या छटा एका रांगेत आहेत. मी असतो तर फोटो त्या चार पोरांचाच केला असता.

चौथ्यावर फार वेळ घालवत नाही. पांढऱ्या आकाशाने कॅमेरा फसतो, त्याला वाटतं फारच उजेड आहे, म्हणून तो सगळंच काळवंडतो. एक्सपोजर एक ते सव्वा टप्पा वर न्या, फोकस एआय सर्व्होवर ठेवा (म्हणजे तो हलत्या पक्ष्यामागे फिरत राहतो) आणि फोकसच्या नऊ ठिपक्यांपैकी फक्त मधला वापरा, तुमच्या कॅमेऱ्यात तोच तरबेज आहे. टाळ्या वाजवणाऱ्या गृहस्थांबद्दल एवढंच, की पुन्हा भेटले तर वर्गातला आवाज काढा. त्या पक्ष्यांचा चरायचा वेळ भरती-ओहोटीने आधीच बांधलेला असतो, त्यातून आपल्यासाठी एक फेरी उडायला लावणं मला पटत नाही. उडणारा थवा हवा असेल तर भरतीच्या शेवटी थांबा. पाणी चढलं की ते आपणहून उठतात.

पाचवा. इथे माझं तुमच्याशी भांडण आहे. मनोरे आणि इमारती कापल्यावर उरली आहे बोटभर रुंदीची गुलाबी पट्टी. ती पट्टी कुठलीही असू शकते, कच्छची असेल, चिल्का सरोवराची असेल. ही जागा २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आली, आणि ती आहे एका अंगाला भांडुप-मुलुंड आणि दुसऱ्या अंगाला ऐरोली-घणसोली अशा भर वस्तीच्या मधोमध. विजेचे मनोरे तुम्हाला अडचण वाटले. मला वाटतं, त्या मनोऱ्यांपुढे पक्षी केवढा हे त्यामुळेच कळलं असतं. तुमच्याकडे लांबची लेन्स नाही असं तुम्ही म्हणता, पण जवळची आहे की! १८-५५ लावा, मनोरा अख्खा येऊ द्या, तारा येऊ द्या, आणि खालच्या कडेला थवा. पक्षी चेहऱ्याने ओळखू येणार नाहीत, पण जागा ओळखू येईल. याला नवी लेन्स लागत नाही आणि भरतीचीही वाट बघावी लागत नाही. ओहोटीच्या दिवशीही जमेल, फक्त दुपारी नको.

चीड आली असेल तर येऊ दे. त्या पाचव्याची न कापलेली फाइल मला पाठवा. व्हॉट्सॲपवरून नको, तिथे फोटो दाबून लहान होतो, मेलने पाठवा. पहिला, मूळ रंगातला, मी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवला आहे. तुमची हरकत नसेल तर छापू.

प्रश्न : काका, मी ठाण्यात कॉलेजला आहे. मोबाइलवर रात्री तलावपाळीचे फोटो काढतो. दिव्यांभोवती मोठमोठे पांढरे गोळे येतात, त्यातून लांब रेघा निघतात आणि आकाश ठार काळं येतं. नवा फोन घ्यायला हवा का?

उत्तर : आज सगळ्यांना काही ना काही विकत घ्यायचं आहे. तू रात्री नऊला जातोस, सात-सव्वासातला जात जा. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी मासुंद्याच्या, म्हणजे तुझ्या तलावपाळीच्या तलावाच्या, पाण्यात आकाश अजून निळं असतं आणि कडेचे दिवे लागलेले असतात. तेवढी दहा मिनिटं दोन्ही उजेड जोडीला येतात. पडद्यावर दिव्याजवळ बोट टेकव आणि उजेडाची खूण खाली ओढ, दिवा गोळा न होता दिवा दिसेपर्यंत. मधलं देऊळ थोडं अंधारात राहिलं तर राहू दे. फोन हातात धरू नकोस, कठड्यावर टेकव आणि तीन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागत नाही.

राहिल्या रेघा. फोटो मोठा करून पाहिला. सगळ्या रेघा एकाच तिरक्या दिशेने चालल्या आहेत. ही लेन्सच्या काचेवर एका बाजूला फिरलेल्या बोटाची खूण आहे, आणि बोटाला तेल होतं. पाळीवर उभा राहून तू वडापाव खाल्लास की भजी ते मला सांगता येणार नाही. आधी लेन्स पूस.