प्लेअर ५.१चा, मग मागचे स्पीकर मुके का?

प्रश्न : ब्लू-रे प्लेअरवर डॉल्बी, डीटीएस (सराउंड आवाजाचे प्रकार) सगळं छापलेलं आहे. ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) अ‍ॅम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या वायरने जोडला. मागचे स्पीकर मुके, वरून सतत घूंऽऽ आवाज. प्लेअर बदलू का?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : थांबा. लाल-पांढऱ्या वायरीतून दोनच चॅनल जातात. त्यात प्लेअरचा दोष नाही. आधी अ‍ॅम्प्लिफायरचा टेस्ट टोन (एकेका स्पीकरमधून येणारा चाचणीचा आवाज) लावा. पाचही स्पीकर बोलले, तर वायरिंग ठीक.

मग एचडीएमआयने जोडा. अ‍ॅम्प्लिफायरला ते नसेल तर ऑप्टिकल केबल (प्रकाशाने आवाज नेणारी) घ्या. तिच्यातून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचे ५.१ जाते, डॉल्बीचे वरच्या दर्जाचे ट्रूएचडी मात्र नाही. टोकावरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका, हमखास राहते! प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (प्लेअरनेच उलगडलेला आवाज) ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ (डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा) निवडा, कारण ऑप्टिकलवर पीसीएम दोनच चॅनलचे असते. ‘सेकंडरी ऑडिओ’ (कॉमेंटरीसारखे जोड-आवाज) बंद ठेवा. डिस्कच्या मेनूत ५.१ ट्रॅक निवडला, की अ‍ॅम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ दिसायला हवे. पारख करताना ‘नाइट मोड’ बंदच हवा. तो मोठे आवाज दाबतो.

घूंऽऽ बहुधा अर्थिंगचा. ऑप्टिकलमधून वीज वाहत नाही, म्हणून प्लेअरकडून येणारा घूंऽऽ आवाज तिथेच थांबतो. तरीही राहिला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली, की अर्थिंग कमजोर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते.