बंध तुटू दे

तुझ्या पॅलॅडियम पिंजऱ्याचा एनएमआर स्पेक्ट्रम पाहिला. स्वच्छ पीकांऐवजी बेसलाइनवर फुगवटा, आणि सोबत तुझा प्रश्न: लिगंडच, म्हणजे धातूला धरणारा सेंद्रिय रेणूच, चुकला का? मिसळल्यावर दहा मिनिटांत घेतलेल्या स्पेक्ट्रमवरून लिगंडला दोषी ठरवू नकोस. तो वाकडा आहे, दोन टोकांना ३-पिरिडिल आहेत, म्हणजे नायट्रोजनने धातूला धरणारी वलयं. दोन पॅलॅडियम आणि चार लिगंडांचा पिंजरा त्यातून व्हायलाच हवा.

पॅलॅडियम-नायट्रोजन बंध तुटतो आणि पुन्हा जुळतो, म्हणून चुकलेले जोड सुधारतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ माकोतो फुजितांचा १९९० चा पॅलॅडियमचा चौकोन पाण्यात सहज जुळला; तसाच प्लॅटिनमचा करायला १०० अंशांवर कित्येक आठवडे लागले, कारण तिथे बंध सुटायला तयार नसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी विचार: बंध तुटू शकतोय का?

तुझा लिगंड सोनोगाशिरा अभिक्रियेने, म्हणजे अमाइन वापरणाऱ्या जोडणीने, केलेला आहे. अमाइनचं हॅलाइड मीठ त्यात उरलं असेल, तर क्लोराइड किंवा आयोडाइड पॅलॅडियमवर घट्ट बसतं आणि पिरिडीनला जागाच मिळत नाही. मोकळं अमाइन उरलं तर गरम करताना काळा पॅलॅडियम खाली बसतो. शुद्धीकरणासाठी फक्त कॉलमवर (क्रोमॅटोग्राफीवर) विसंबू नकोस. आधी पाण्याने नीट धू, मग कॉलम कर, मग पूर्ण वाळव. पॅलॅडियम क्लोराइडला तर हातच लावू नकोस. पॅलॅडियमचं अॅसिटोनायट्राइल जोडलेलं टेट्राफ्लुओरोबोरेट मीठ घे.

आणि कृपा करून २.२२ मिग्रॅ मीठ थेट तोलू नकोस! ०.१ मिग्रॅ चुकलं की प्रमाण साडेचार टक्क्यांनी बिघडतं. २२.२ मिग्रॅ मीठ ड्यूटेरेटेड डीएमएसओमध्ये (एनएमआरच्या द्रावकात) १ मिलिपर्यंत भर. त्यातले १०० मायक्रोलिटर म्हणजे ५ मायक्रोमोल. लिगंड २८.० मिग्रॅ, ५ मिलिपर्यंत. त्यातले ५०० मायक्रोलिटर म्हणजे १० मायक्रोमोल. फार दाट करू नकोस, दाट द्रावणात पिंजऱ्याऐवजी लांबट साखळ्या (ऑलिगोमर) वाढतात.

मग ६० अंशांवर ठेव आणि थांब. खरंच थांब. बंधाला तुटायला वेळ दे. एक तासाने, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रम घे. नायट्रोजनशेजारचे प्रोटॉन साधारण अर्धा ते एक पीपीएम डाउनफील्ड (जास्त पीपीएमकडे) सरकायला हवेत, आणि पीकांचा एकच संच उरायला हवा. मोकळ्या लिगंडचे पीक दिसले तर मिठाचं द्रावण ५ मायक्रोलिटरने वाढव, पुन्हा गरम कर, पुन्हा बघ. पीक फक्त रुंद असतील तर नमुना एनएमआरमध्येच तापवून बघ. कदाचित बंध तुटण्या-जुळण्याची देवाणघेवाणच मधल्या वेगाची असेल.

डॉसीत (रेणू किती वेगाने पसरतात ते मोजणाऱ्या एनएमआरमध्ये) सगळे पीक एका ओळीत आले की मास स्पेक्ट्रम घे. चार धन प्रभाराच्या पीकसमूहात समस्थानिकांमधलं अंतर ०.२५ यायला हवं. ०.५ आलं, तर प्रभार दोन आहे. तो तुकडाही असू शकतो, म्हणून तिथे वस्तुमान मोजून बघितल्याशिवाय पिंजरा मिळाला असं लिहू नकोस.