स्किपोल ते हीथ्रो : अंतर ३७० किलोमीटर, मग सव्वा तास कशाला?

आपला प्रश्न असा आहे की अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलपासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचे हवाई अंतर जेमतेम ३७० किलोमीटर असताना विमानाला सव्वा तासाहून अधिक वेळ का लागतो, तिकिटावर मात्र १० वाजता सुटून १०.२० ला पोहोच कशी दाखवतात, आणि पुढे मुंबईचे विमान पकडायचे तर यातला कोणता आकडा धरावा.

१०.२० चा उलगडा सोपा आहे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात आणि ब्रिटनचे घड्याळ नेदरलँड्सच्या एक तास मागे चालते. उन्हाळी वेळेसाठी दोन्ही देश काटे एकाच दिवशी हलवतात, त्यामुळे हा फरक वर्षभर कायम राहतो. म्हणजे प्रवास १ तास २० मिनिटांचा.

या ८० मिनिटांत विमान हवेत असते साधारण ४५ ते ५० मिनिटे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने भागाकार केला तर २६ मिनिटे येतात हे खरे, पण एवढ्या लहान टप्प्यात विमान चढण्यात आणि उतरण्यातच गुंतलेले असते. १०,००० फुटांखाली तर वेग सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरवर रोखलेला असतो. शिवाय जाताना पश्चिमी वारे बहुधा समोरून येतात, पण या अंतरावर त्यांचा फटका काही मिनिटांचाच.

उरलेला वेळ जमिनीवर जातो, कारण वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. स्किपोलची पोल्डरबान ही २००३ मध्ये सुरू झालेली धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की तिथे पोहोचायलाच १० ते २० मिनिटे लागतात. वाटेत विमान ए-५ महामार्गावरच्या पुलावरून जाते आणि खिडकीतून खाली मोटारी धावताना दिसतात. (नवख्या प्रवाशाला वाटते, आता थेट लंडनपर्यंत रस्त्यानेच नेतात की काय.) सहापैकी कोणती धावपट्टी मिळेल हे वारा, गर्दी आणि आवाजाचे नियम ठरवतात.

हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि गर्दी अफाट. पूर्वेकडून येणाऱ्या विमानांना नियंत्रक बहुतेक वेळा लंडनच्या ईशान्येला लॅम्बोर्न या प्रतीक्षेसाठी ठरलेल्या जागेवर घिरट्या घालायला लावतात. तिथे विमाने एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने फिरत असतात आणि एका फेरीला सुमारे ४ मिनिटे लागतात. अशा दोन-तीन फेऱ्या गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रक आखतात, म्हणून फेऱ्या न घडल्या की विमान ‘वेळेआधी’ पोहोचते. माझ्या मते यात फसवणूक नाही, मात्र त्या वाचलेल्या मिनिटांवर पुढचे बेत बांधू नयेत.

मुंबईच्या विमानासाठी त्यामुळे छापील पोहोच वेळच धरावी. दोन्ही उड्डाणे एकाच बुकिंगवर असतील तर सामान सहसा थेट मुंबईपर्यंत जाते आणि उशीर झाल्यास पुढची सोय कंपनी करते. तिकिटे वेगवेगळी असतील आणि सामान हीथ्रोला उचलून पुन्हा द्यावे लागणार असेल, तर इमिग्रेशन पार करावे लागते. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी सहसा ब्रिटनचा व्हिसा लागतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी आधी याची खात्री करून घ्यावी.