पेसमेकरची तार कुठे बसवावी: उजव्या कप्प्याच्या टोकाला की लेफ्ट बंडलजवळ?

वडील ७४ वर्षांचे, कम्प्लीट हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचे विद्युत संकेत खाली पोचतच नाहीत), एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण, ५० टक्के; एक डॉक्टर म्हणतात तार नेहमीसारखी खालच्या उजव्या कप्प्याच्या टोकाला, दुसरे म्हणतात लेफ्ट बंडल, म्हणजे डाव्या बाजूला विद्युत संकेत नेणारा तंतूंचा जुडगा. यात सुरक्षित काय, हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. कॅथ लॅबमध्ये तार बसताना मापं घेणं आणि पुढे पेसमेकर तपासणं हे माझं काम आहे.

आधी बघायचं ते हे, की पेसमेकरला किती ठोके स्वतः द्यावे लागणार. नुसता सायनसचा, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या हृदयातल्या केंद्राचा, दोष असेल तर खालची तार बहुतेक वेळ गप्प बसते, तिथे हा वाद फुकाचा. वडिलांच्या बाबतीत मात्र जवळपास प्रत्येक ठोका पेसमेकरच देणार.

टोकाला दिलेला करंट हमरस्ता, म्हणजे संकेत वेगाने नेणाऱ्या तंतूंची वहनसंस्था, सोडून पायवाटेने जातो, म्हणजे स्नायूतून सरकत सरकत डावीकडे उशिरा पोचतो. ईसीजीत क्यूआरएस (खालचे कप्पे उत्तेजित होतानाची लाट) १५० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पावत नाहीत. बरेच जण यावर वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात, पण काहींचं ईएफ घसरतं. २००३ मध्ये आलेल्या मोस्ट चाचणीच्या विश्लेषणात, खालच्या कप्प्यात ४० टक्क्यांहून जास्त पेसिंग झालेल्यांना हार्ट फेल्युअरसाठी दाखल करण्याचं प्रमाण अडीच पटीहून जास्त दिसलं. आणि ते तर सायनसच्या दोषाचे रुग्ण होते.

मग टोकाऐवजी दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर तार लावून पाहिली गेली. प्रोटेक्ट-पेस चाचणीत दोन वर्षांनी ईएफमध्ये फरक निघाला नाही, वेळ मात्र जास्त लागला. पडद्याला तार टेकली म्हणून ती वहनसंस्थेला पोचली असं होत नाही.

हिस बंडलचं, म्हणजे लेफ्ट बंडल जिथून फुटतं त्या मुख्य जुडग्याचं, पेसिंग ईसीजीत सर्वांत देखणं. पण तिथे थ्रेशोल्ड (ठोका घडवायला लागणारा किमान व्होल्टेज) जास्त लागतो आणि पुढे आणखी वाढू शकतो, खालच्या कप्प्याचा सिग्नल बारीक मिळतो, बॅटरी लवकर उतरते. नियमित तपासणी करणाऱ्याला हे रुग्ण जरा धाकधुकीचेच वाटतात.

लेफ्ट बंडलची पद्धत चीनमधल्या वेन्झोउच्या हुआंग यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडली. तार पडद्यात स्क्रूसारखी फिरवत डाव्या बाजूपर्यंत नेतात. थ्रेशोल्ड साधारण एका व्होल्टच्या आत, सिग्नल भक्कम, क्यूआरएस अरुंद. भारतात मदुराईच्या पोन्नुसामी यांनी यावर बरंच काम प्रसिद्ध केलं आहे.

धोके आहेतच. युरोपातल्या मेलॉस नोंदणीत २,५०० हून अधिक रुग्णांत ब्लॉक वगैरेसाठी यश ९२ टक्के होतं, पण या मार्गाशी निगडित गुंतागुंती ८ टक्क्यांच्या आसपास. त्यात तार पडदा भेदून डाव्या कप्प्यात शिरणं हे ठळक. टेबलावरच लक्षात आलं तर बहुधा तार मागे घेऊन दुसरीकडे बसवता येते. न कळता तिथेच राहिली तर गुठळीची भीती. उलट टोकाची भिंत पातळ असते, तिथे भोक पडलं तर रक्त हृदयाभोवती साचतं. क्वचित होतं, पण होतं. शिवाय नव्या पद्धतीची वीस वर्षांची नोंद अजून कोणाकडेच नाही.

गळ्याजवळच्या हाडाखालून शीर कशी गाठणार, हे कोणी विचारतच नाही. सबक्लेव्हियन शिरेत अंदाजाने सुई घातली की फुफ्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. सेफॅलिक शीर उघडून, किंवा सोनोग्राफीत बघून अ‍ॅक्झिलरी शीर गाठली तर तो बराच कमी होतो. हा फरक तार शेवटी कुठेही बसवली तरी लागू आहे.

माझं मत: दुसरे डॉक्टर लेफ्ट बंडल नेहमी करत असतील तर वडिलांसाठी तेच. अधूनमधून करणाऱ्याकडे हट्ट धरू नका. सरावाच्या हाताने टोकाला लावलेली तार आणि ठरावीक काळाने एको हा पर्याय त्याहून बरा. दुसऱ्या डॉक्टरांना थेट विचारा, महिन्याला किती करता, आणि बंडल नाहीच मिळालं तर टेबलावर पुढे काय करणार? डिस्चार्जच्या वेळी पेसिंग चालू असतानाचा बारा लीडचा ईसीजी फाइलमध्ये लावून घ्या, पुढच्या तपासणीत तुलनेला लागतो.