वर्गाला बोलायला कारण हवं

या वेळी हायस्कूलला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांची पत्रं बरीच आली, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच देते आहे. मी स्वतः २८ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. खाली जे सांगते आहे ते सगळं मी वर्गात करून पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी नववीला शिकवते. पटावर ५४ मुलं आहेत. 'शेजाऱ्याशी पर्यावरणावर इंग्रजीतून चर्चा करा' असं सांगितलं की मिनिटभर कुणी तोंड उघडत नाही आणि नंतर जो गोंगाट होतो तो सगळा मराठीतून. शेजारच्या वर्गावरचे सर येऊन दार ओढून घेतात. मी पुन्हा खडू हातात घेते. माझं काय चुकतंय?

ताई, शेजारी बसलेल्या त्या दोन मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दोघांनी एकच धडा वाचलाय. पर्यावरणाबद्दल दोघांना सारखंच माहीत आहे, आणि ते दोघांनाही ठाऊक आहे. मग एकाने दुसऱ्याला सांगायचं काय? आणि तेही अवघड वाटणाऱ्या भाषेत? एकाजवळ असलेली गोष्ट दुसऱ्याला हवी असते, तेव्हाच माणूस बोलतो. अध्यापनशास्त्रात याला 'इन्फर्मेशन गॅप' म्हणतात. मी मुलांना सांगायचे, 'अर्धं तुझ्याकडे, अर्धं तिच्याकडे.' उपक्रम निवडताना मी एवढंच बघायचे की यात कुणाला कुणाकडून काही मिळवायचं आहे का. नसेल तर तो उपक्रम दिसायला कितीही छान असो, मी बाजूला ठेवायचे.

सोमवारी लगेच करता येईल असा एक सांगते. त्याचं नाव 'रनिंग डिक्टेशन'. साठ-सत्तर शब्दांचा एक परिच्छेद मोठ्या अक्षरात लिहा. तुमच्या वर्गात २७ जोड्या होतील, म्हणून त्याच्या सहा प्रती काढा आणि मागच्या व बाजूच्या भिंतींवर लांब लांब लावा. एकच प्रत लावलीत तर तिथे झुंबड उडेल. जोडीतला एक जण भिंतीपाशी जाऊन वाक्य वाचतो, लक्षात ठेवतो, जागेवर परत येऊन जोडीदाराला सांगतो. जोडीदार लिहून घेतो. निम्मा परिच्छेद झाला की तुम्ही टाळी वाजवायची आणि दोघांनी कामं बदलायची. नियम तीनच : पळायचं नाही, भिंतीपासून ओरडून सांगायचं नाही, कागदाला हात लावायचा नाही. पळायचं नाही हे नावाच्या विरुद्ध आहे, पण बाकांमधल्या अरुंद जागेत ते पाळावंच लागतं.

आता मराठीचं. मुलं मराठीत शिरतात कारण काम चालवायला लागणारी इंग्रजी वाक्यं त्यांच्या तोंडात नसतात. म्हणून सुरू करण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात पाच वाक्यं लिहा : 'से दॅट अगेन, प्लीज.' 'हाउ डू यू स्पेल इट?' 'इज इट अ कॅपिटल लेटर?' 'वेट, आय ॲम रायटिंग.' 'दॅट डझन्ट मेक सेन्स.' सगळ्या वर्गाकडून दोनदा मोठ्याने म्हणून घ्या. ही वाक्यं महिनाभर पुसू नका. तिसऱ्या आठवड्यात मुलं फळ्याकडे न बघता ती म्हणायला लागतात.

यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत प्रिय आहे, आणि त्याचं कारण एक मुलगा आहे. परीक्षेत तो जेमतेम काठावर असायचा. त्या दिवशी तो लिहायला बसला होता आणि त्याचा हुशार जोडीदार भिंतीवरून वाक्य घेऊन आला : 'ही वॉक्ड दो द गेट.' याने अर्धं लिहिलं आणि पेन थांबवलं. 'दो म्हणजे जरी ना? जरी गेट कसं चालेल? डझन्ट मेक सेन्स. परत जा.' तो गेला, नीट पाहिलं आणि येताना वाटेतूनच 'थ्रू, थ्रू' म्हणत आला. 'दो' आणि 'थ्रू' यांच्या स्पेलिंगात एका 'आर'चा फरक. तो मी त्याच वर्गाला दोनदा फळ्यावर समजावून दिला होता. त्या मुलाने तो अर्थाच्या बाजूने पकडला, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी मागच्या बाकाशी उभी होते. तो मुलगा वाचतो, विचार करतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं.

गोंगाटाबद्दल : तो होणारच, पण कामाचा आवाज आणि दंग्याचा आवाज वेगळा असतो हे तुमचा कान आठवड्याभरात ओळखायला लागेल. शेजारच्या सरांना आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि शक्य असेल तर पाच मिनिटं पाहायला बोलवा. दार ओढून घेणारे सर एकदा आत येऊन उभे राहिले की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

प्रश्न : काळ शिकवताना मुलं रिकाम्या जागा अचूक भरतात आणि निबंधात मात्र 'आय हॅव रिटन द लेटर यस्टरडे' लिहितात. व्याकरणासाठी उपक्रम असतो का, की तिथे सरावाला पर्याय नाही?

सर, आधी त्या चुकीचं मूळ बघू. मराठीत 'मी ते पत्र काल लिहिलं आहे' हे वाक्य अगदी बरोबर आहे. आपल्याला 'लिहिलं आहे'बरोबर 'काल' खटकत नाही, म्हणून मूल ते तसंच्या तसं इंग्रजीत नेतं. इंग्रजीत मात्र 'हॅव रिटन' म्हटलं की नजर आत्ताच्या घडीवर असते, आणि 'यस्टरडे' आला की ती त्या संपलेल्या दिवसावर जाते. दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. एवढं एकदा मराठीतून मोकळेपणाने सांगा. दहा मिनिटं मराठीत गेली म्हणून इंग्रजीचा तास बुडत नाही.

मग 'डिक्टोग्लॉस' घ्या. रूथ वाइनरिब यांनी १९९० साली या तंत्रावर एक सबंध पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ते शिक्षकांमध्ये चांगलं रुळलं आहे. चार-पाच वाक्यांचा मजकूर तुम्ही नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्या वेळी पेनं खाली, नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वेळी महत्त्वाचे शब्द तेवढे टिपायचे. सगळं लिहून घेता येणार नाही असाच वेग हवा. नंतर तिघा-चौघांच्या गटाने आपापले शब्द एकत्र करून मजकूर पुन्हा उभा करायचा आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून बघायचा.

माझा ठरलेला मजकूर असा होता : 'आय हॅव लॉस्ट माय की. आय हॅड इट व्हेन आय लेफ्ट द लायब्ररी. आय हॅव सर्च्ड माय बॅग ट्वाइस. माय ब्रदर हॅज गॉन बॅक टु लुक फॉर इट.' बहुतेक वह्यांमध्ये 'लॉस्ट', 'लायब्ररी', 'बॅग', 'ब्रदर' एवढंच टिपलेलं असतं. 'हॅव' कुणीच टिपत नाही. म्हणजे तो कुठे घालायचा हे गटाला स्वतःच ठरवावं लागतं, आणि तिथे वाद सुरू होतात. एका गटाने 'आय लॉस्ट माय की' लिहिलं होतं. मी विचारलं, 'मग किल्ली सापडली का?' ती मुलं म्हणाली, 'ते कळत नाही.' मी 'हॅव' घालून वाक्य पुन्हा म्हटलं. 'आता?' एक मुलगी चटकन म्हणाली, 'अजून नाही सापडली.' पुस्तकातला 'भूतकाळातील क्रियेचा वर्तमानाशी संबंध' तिला त्या किल्लीने कळला.

सराव लागतोच. मी तो या तासानंतर द्यायचे, आधी नाही.

प्रश्न : लांबलचक धडा आणि कविता. मी वाचतो, अर्थ सांगतो, मुलं पेन्सिलीने ओळींवर मराठी अर्थ लिहितात. मलाही कंटाळा येतो, त्यांनाही.

धड्यासाठी 'जिगसॉ' वापरा. एलियट अरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी ही पद्धत काढली. वेगवेगळ्या वंशांची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात सतत ताण होता. प्रत्येकाकडे विषयाचा एकच तुकडा दिला, तेव्हा दुसऱ्याचं ऐकल्यावाचून कुणाचंच काम पुरं होईना. इंग्रजीच्या तासाला ती चपखल बसते. धड्याचे चार भाग करा. आधी पहिला भाग मिळालेली मुलं एकत्र बसून तो समजून घेतात, तसंच बाकीच्या भागांचं. मग प्रत्येक भागाचा एकेक जण असे चौघांचे नवे गट करा आणि आपापला भाग एकमेकांना सांगायला लावा. सांगताना पुस्तक मिटलेलं हवं. हा आग्रह सोडलात तर मुलं नुसतं वाचून दाखवतात आणि सगळं फुकट जातं.

कवितेचा अर्थ सांगायची घाई करू नका. आधी ती आवाजातून येऊ द्या. तयारी म्हणून एक साधं वाक्य फळ्यावर लिहा : 'आय डिडन्ट से शी टुक माय पेन.' इंग्रजीत हे सात शब्द आहेत. दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन सात जणांना म्हणायला लावा. 'आय'वर जोर दिला तर ते मी म्हटलं नाही, दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. 'शी'वर दिला तर पेन दुसऱ्याच कुणी घेतलं. 'पेन'वर दिला तर घेतलं, पण दुसरंच काही. मुलांना हे फार आवडतं आणि पुन्हा पुन्हा करायला मागतात. मग त्याच कानाने कवितेच्या चार ओळी जोडीजोडीने वाचू द्या आणि कुठल्या शब्दावर का थांबलात ते विचारा. त्या चर्चेत अर्थाचा मोठा भाग मुलंच सांगून टाकतात.

गोष्ट असेल तर 'हॉट सीट'. एक मूल गोष्टीतलं पात्र होऊन पुढे खुर्चीत बसतं आणि वर्ग प्रश्न विचारतो. प्रश्न आधी वहीत लिहून घ्या, नाहीतर 'व्हॉट इज युअर नेम'च्या पुढे गाडी जात नाही. 'व्हाय'ने सुरू होणारा निदान एक प्रश्न प्रत्येकाकडे हवा.

प्रश्न : मोबाइलवरचे प्रश्नमंजुषेचे खेळ कितपत वापरावेत?

शब्दांची उजळणी म्हणून आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. त्यात मुलं पर्याय दाबतात, वाक्य बोलत नाहीत. बोलणं हवं असेल तर कागदाची चिठ्ठी पुरते.

प्रश्न : माझ्या वर्गात एक मुलगी आहे. लिखाण उत्तम. तोंडी विचारलं की उभी राहते, खाली बघते, डोळे भरून येतात. उपक्रमांत तर ती आणखीच आक्रसते. तिला सोडून द्यावं का?

हे पत्र मी दोनदा वाचलं. सोडून देऊ नका, आणि उभंही करू नका.

पहिली गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. हे तर तिथल्या मुलांचं. आपलं मूल मनात मराठीतून इंग्रजीत येत असतं, त्याला आणखी वेळ लागतो. मी पाठीमागे हात बांधून बोटांवर दहा मोजायचे. सुरुवातीला ती शांतता फार लांब वाटते, पण तिची सवय होते.

दुसरी गोष्ट, तिला आधी लिहू द्या, मग एकाच मैत्रिणीला सांगू द्या, मग वर्गाला. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये 'थिंक-पेअर-शेअर' म्हणून मांडलेली हीच ती पायरी. वर्गाला सांगायची वेळ आली की तिने स्वतःचं मत सांगण्याऐवजी 'माय पार्टनर थिंक्स' असं म्हणून मैत्रिणीचं सांगावं. बोलणं तिचं, जबाबदारी दुसऱ्याची. भिडस्त मुलांना एवढा आडोसा पुरतो.

तिसरी गोष्ट 'फोर-थ्री-टू'. पॉल नेशन यांच्या लेखनातून हे तंत्र अनेक शिक्षकांपर्यंत पोचलं. एकच विषय एका जोडीदाराला चार मिनिटं सांगायचा, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. शाळेतल्या मुलांना चार मिनिटं झेपत नाहीत, म्हणून मी दोन, दीड आणि एक मिनिट ठेवायचे. ऐकणारा दर वेळी नवा असतो, म्हणून तेच पुन्हा सांगण्यात संकोच नसतो, आणि तिसऱ्या खेपेला वाक्यं आपोआप सुटी होतात. या वेळात चुका दुरुस्त करू नका. फिरत राहा, चार-पाच चुकीची वाक्यं कागदावर टिपा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या.

माझ्या वर्गातही अशी एक मुलगी होती. सप्टेंबरपर्यंत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. फोर-थ्री-टूच्या चौथ्या की पाचव्या तासाला मी तिच्या बाकामागून जात होते. ती तिसऱ्या जोडीदाराला आपल्या आजीच्या चष्म्याबद्दल सांगत होती, आणि समोरची मुलगी खळखळून हसली. तिने क्षणभर थांबून त्या हसण्याकडे पाहिलं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने. मी तिच्याकडे वळून न बघता पुढच्या बाकाकडे गेले. तुम्हीही तसंच करा. तिच्या वहीत शेवटी एक ओळ लिहा, वर्गासमोर कौतुक करू नका.