एवढा शिकलेला, तरी अडकलाच कसा?

"मॅडम, एवढा शिकलेला मुलगा. असल्या बुवाच्या नादी लागलाच कसा?"

मी समुपदेशक. हा प्रश्न मी इतक्या आई-वडिलांकडून ऐकला आहे, की पिशवीतून कागदांचा गठ्ठा निघाला की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. बातम्यांच्या प्रिंट, पासबुकाची झेरॉक्स, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट. आणि चेहऱ्यावर शरम, आमचंच कुठेतरी चुकलं याची.

दीड वर्षापूर्वी आलेल्या अशाच एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू घर सांभाळणाऱ्या. एकुलता एक मुलगा इंजिनिअर. पाठदुखीसाठी योगवर्गाला जाऊ लागला, वर्गातून शिबिरात आणि शिबिरातून आश्रमात गेला. नोकरी सोडली, पीएफ काढून गुरुजींना अर्पण केला.

"मी त्याच्यापुढे सगळे पुरावे ठेवले," काका म्हणाले. "गुरुजींवर जमिनीची केस आहे, सगळं आहे यात."

"मग तो काय म्हणाला?"

"उठून गेला. चार महिने झाले, माझा फोन उचलत नाही."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मी त्यांना जपानमधल्या शोको आसाहाराची हकीकत सांगितली. टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या पंथाचा हा गुरू. बऱ्याच पालकांना सांगते. घाबरवायला नाही, 'शिकलेला' या शब्दावरचा त्यांचा भाबडा विश्वास उतरावा म्हणून.

खरं नाव चिझुओ मात्सुमोतो. जन्म १९५५, कुमामोतो प्रांतातल्या गरीब घरात; वडील तातामी चटया बनवायचे. नजर जन्मापासून अधू, म्हणून अंधशाळेत घातलेला. १९८२ मध्ये बनावट औषधं विकल्याबद्दल अटक झाली. १९८४ मध्ये त्याने टोकियोत योगवर्ग काढला. पुढे एका मासिकात त्याचा हवेत तरंगतानाचा फोटो छापून आला, मग हिमालयात आपल्याला ज्ञानप्राप्ती झाल्याचं तो सांगू लागला. १९८७ मध्ये पंथाचं नाव झालं ओम् शिनरिक्यो. त्यातला पहिला शब्द आपलाच ॐ. गुरूच्या आंघोळीचं पाणी विकलं जाई, त्याचं रक्त पिण्याचा विधी असे, आणि संन्यास घेणाऱ्याने घरदार, पैसा, नाती सगळं मागे सोडायचं.

यात होतं कोण? टोकियो विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ, वासेदा विद्यापीठाचा उपयोजित भौतिकीचा पदवीधर, रसायनशास्त्रज्ञ. आणि इकुओ हायाशी, केइओ विद्यापीठातून शिकलेला हृदयशल्यविशारद.

पहिल्याच दिवशी विषारी वायू सोडायला यातल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. १९८८ मध्ये साधनेच्या नावाखाली चाललेल्या छळात एक अनुयायी दगावला, ते दडपलं गेलं. १९८९ च्या सुरुवातीला पंथ सोडू पाहणाऱ्या एकाला मारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्सुत्सुमी साकामोतो या वकिलाचा, त्यांच्या पत्नीचा आणि जेमतेम वर्षाच्या बाळाचा घरात शिरून खून केला. साकामोतो यांचा गुन्हा काय, तर पंथात गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांची बाजू ते लढत होते. हे सांगताना दर वेळी माझा आवाज जड होतो. असलेच आई-वडील तर माझ्यासमोर बसलेले असतात.

प्रत्येक पायरीला अर्थ पुरवलेला होता. मारणं म्हणजे त्या जिवाला वरच्या लोकात पोचवणं, असं शिकवलं जायचं. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात सारिन वायू सोडला. मग २० मार्च १९९५ ची सकाळ. टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच जण पाच गाड्यांत चढले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सारिनच्या पिशव्या, आणि टोक घासून अणकुचीदार केलेल्या छत्र्या. तेरा माणसं गेली, हजारो बाधित झाली. अनेक वर्षं अंथरुणावर काढलेली एक स्त्री नंतर गेली. हायाशीने टोचलेल्या पिशवीतली गळती आवरताना कासुमिगासेकी स्थानकावरचे दोन रेल्वे कर्मचारी मेले. आसाहारा त्या मे महिन्यात एका चोरखोलीत सापडला. त्याला ६ जुलै २०१८ रोजी फाशी झाली. गुन्हा कबूल करणाऱ्या हायाशीला जन्मठेप मिळाली.

"या डॉक्टरने न्यायालयात सांगितलं," मी म्हटलं, "की पिशवी टोचण्याआधी डब्यातली माणसं दिसली आणि मनात आलं, आपण तर जीव वाचवणारे डॉक्टर."

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे त्याला कळत होतं?"

"कळत होतं, काकू. पण ते ऐकायला त्याच्याजवळ कोण होतं?"

माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं सार मला इथे सापडतं. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेने जाणारी. न तोलता ऐकणारं कुणी मिळालं तर माणूस आपली गाठ आपणच सोडवू लागतो, यावर माझी श्रद्धा आहे आणि ती अनुभवाने पक्की झाली आहे. माणूस अडकतो तो अक्कल कमी म्हणून नव्हे. त्या दिवसांत त्याचं काहीतरी दुखत असतं, आणि त्या दुखण्याची विचारपूस तिथे कुणीतरी केलेली असते. आत गेल्यावरही शंका येतात. त्या बोलायला माणूस लागतो. आपण पुरावे आपटतो तेव्हा त्याला गुरूचा वकील व्हावं लागतं, आणि शंका गिळून टाकावी लागते.

ठरलं ते असं. काकांनी गठ्ठा कपाटात ठेवायचा. काकूंनी दर रविवारी एक मेसेज पाठवायचा, घरातल्या साध्या गोष्टींचा; शेवटी प्रश्नचिन्ह नको. पैसे मात्र द्यायचे नाहीत, कुठल्याही कागदावर सही करायची नाही, आणि नकार देताना आवाज चढवायचा नाही. काका वैतागले. "म्हणजे हातावर हात धरून बसायचं?" मी म्हटलं, दार उघडं धरून ठेवणं हे कष्टाचं काम आहे.

सहाव्या मेसेजला उत्तर आलं, "ठीक." मग काकू एकट्याच आश्रमात भेटून आल्या, थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मुलगा वाळला होता. गुरुजींचं नावही न काढता त्यांनी आमचं ठरलेलं तेवढंच विचारलं, "तुला काही शंका आली तर कुणाला विचारतोस रे?"

तो बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत बसला. मग म्हणाला, "शंका म्हणजे अहंकार. तसं घरीही कुठे चालायचं, आई? बाबांना उलट विचारलेलं?"

हे वाक्य काकूंनी माझ्याकडे येऊन जसंच्या तसं सांगितलं, काका शेजारी बसलेले असताना. मी गप्प राहिले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शिकायला मला वर्षं लागली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. "दहावीनंतर त्याला आर्ट्सला जायचं होतं," ते म्हणाले. "मी विषय बंद करून टाकला होता." त्या रात्री त्यांनी मुलाला मेसेज केला. त्यात गुरुजी नव्हते, केस नव्हती. आर्ट्सचं होतं, आणि चुकलो एवढं होतं.

इथे एक सावधपणा. दार उघडं ठेवणं म्हणजे सगळ्याची वाट पाहत बसणं नव्हे. मारहाण, लैंगिक शोषण, चालू औषधं बंद करायला लावणं, लहान मुलं आत असणं, यातलं काही कानावर आलं तर समुपदेशकाआधी पोलीस. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाने फसवणूक असे प्रकार त्यात गुन्हा आहेत. आणि तुमचं मूल सज्ञान असेल तर त्याला उचलून आणायच्या फंदात पडू नका. तसं आणलेलं मूल परत जातं, आणि पुढच्या वेळी पत्ता ठेवून जात नाही.

सात महिन्यांनी मुलगा माझ्याकडे आला. स्वतःहून, एकटा. दाराशीच थांबला.

"तिथली सगळी माणसं वाईट नाहीत, हे तुम्ही मान्य कराल का?"

"करते. तुझ्या पाठदुखीची चौकशी त्यांनीच केली होती ना?"

तो बसला. दोन तास बोलला. मी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन. अजून त्याचं सगळं सुटलेलं नाही. सकाळचं ध्यान चालू आहे आणि कुणी सोडायला सांगितलेलंही नाही. एटीएम कार्ड त्याने आश्रमातून परत मागून घेतलं आहे. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. बापलेकात कैरीच्या लोणच्यात मीठ किती यावरून वाद झाला होता, आणि मुलगा ऐकत नव्हता.