सहा महिन्यांचे प्रोबेशन संपत आले आहे. नव्या कर्मचाऱ्याचा आढावा कसा घ्यावा?

आपण लिहिले आहे की कळंगुटच्या आपल्या छोट्या हॉटेलात १५ जूनला फ्रंट ऑफिसवर घेतलेल्या मुलीचे प्रोबेशन १४ डिसेंबरला संपते, पाहुण्यांशी तिचे वागणे चांगले आहे पण रात्रपाळीचा हिशेब वारंवार जुळत नाही, आणि आजवर तिला लेखी काहीच दिलेले नाही. तिला कायम करावे, मुदत वाढवावी की थांबवावे, असा आपला प्रश्न आहे.

सर्वांत आधी तिचे नेमणूकपत्र काढून वाचा. मुदत जास्तीत जास्त किती वाढवता येते आणि कन्फर्मेशनचे, म्हणजे नोकरीत कायम केल्याचे, पत्र दिले नाही तर काय, हे त्यात लिहिले आहे का ते पाहा. नियमांतच कमाल मर्यादा ठरलेली असताना माणूस तिच्यापलीकडे कामावर राहिला तर तो कायम झाला असे मानावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध धरम सिंग या खटल्यात सांगितले. तो वाद सरकारी नोकरीतला होता, तरी तारीख विसरणाऱ्या खासगी मालकांनीही तो लक्षात ठेवावा. मी स्वतः विसरलो आहे. वेर्ण्याच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात असताना चतुर्थीच्या सुट्टीत एका ऑपरेटरची तारीख उलटून गेली, आणि महिन्याभराने त्याला काढायचे ठरले तेव्हा त्याच्या फायलीत हजेरीपलीकडे एकही कागद नव्हता. ती फाईल घेऊन त्याच्यासमोर बसताना मला लाज वाटली.

आता आपल्याकडच्या हंगामाचा विचार करा. जून ते सप्टेंबर पावसाळा, निम्म्या खोल्या रिकाम्या. म्हणजे आपण सहा महिने पारख केली असे कागदावर दिसत असले तरी तिने गर्दीचे काउंटर पाहिले ते ऑक्टोबरनंतरच. म्हणून माझे मत दोन महिन्यांच्या मुदतवाढीकडे झुकते, कारण नाताळ आणि नववर्ष त्यात येतात. मात्र नेमणूकपत्रात तशी सोय असली पाहिजे आणि पत्र १४ तारखेच्या आत तिच्या हाती पडले पाहिजे.

आढाव्याला बसताना ‘हिशेबात कच्ची’ असा शेरा घेऊन बसू नका, वही घेऊन बसा. कोणत्या रात्री किती रकमेचा फरक पडला, तो रोकडीत होता की कार्डाच्या रकमेत, आधीच्या पाळीने गल्ला मोजून दिला होता का, आणि तिला नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब रात्री जुळवून बंद करण्याचे काम, कोणी शिकवले होते का, हे एकेक करून पाहा. निम्मा दोष पाळी बदलतानाच्या घाईचा निघाला तर मला नवल वाटणार नाही. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरली गेली का, हेही तपासा, कारण तिथली चूक गल्ल्यातल्या फरकापेक्षा महाग पडते. आधी तिला बोलू द्या. आपल्याकडे बोलणे कोकणीत होते आणि सही मात्र न वाचलेल्या इंग्रजी कागदावर होते. तसे न करता तिला समजेल अशा भाषेत टिपण लिहा आणि दोघांच्या सह्या झाल्यावर एक प्रत तिला द्या.

थांबवायचेच ठरले तर पत्र दोन ओळींचे ठेवा आणि त्यात आरोप लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या दीप्ती प्रकाश बॅनर्जी निकालानुसार पत्रात उल्लेख केलेल्या दुसऱ्या कागदातूनही कर्मचाऱ्याच्या नावाला कलंक लागू शकतो, आणि काढण्याचा खरा पाया गैरवर्तनाचा आरोप असेल तर चौकशी टाळता येत नाही. त्यामुळे पैसे घेतल्याचा संशय मनात असेल तर प्रोबेशनच्या आडोशाने तिला घालवू नका, तिला आरोप सांगून रीतसर चौकशी करा.

मुदतवाढ दिलीत तर कारण, नवी तारीख आणि दर पंधरवड्याला हिशेब एकत्र पाहण्याचे दिवस पत्रात लिहा, आणि तिला नाइट ऑडिट शिकवणार कोण, त्याचे नावही त्याच पत्रात घाला.